फुलं ढीगभर, फळं मोजकी: सीताफळाचं नेमकं कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा: घरामागच्या मोकळ्या जागेत सीताफळाची पाच झाडं आहेत, बियांपासून वाढवलेली, वय पाच वर्षं. पानं हिरवीगार, फुलं भरपूर, पण फुलं देठासकट गळून पडतात. झाडामागे आठ-दहा फळं धरतात. त्यातली निम्मी वेडीवाकडी, आणि दोन-तीन लिंबाएवढी होऊन काळी पडतात आणि फांदीवरच वाळून राहतात. शेणखत झालं, डीएपी हे रासायनिक खत झालं, फूलगळ थांबवणारं टॉनिकही झालं. आता कुठलं खत द्यावं, की झाडं काढून कलमंच लावावीत?

शेणखत सोडून दुसरं खत कुठलंच नको, निदान या हंगामात तरी. आणि झाडं तर मुळीच काढू नका.

पाचव्या वर्षी झाड हिरवंगार आहे आणि फुलांनी लगडतं आहे, म्हणजे त्याच्या पोटाची सोय झालेली आहे. सीताफळ मुरमाड जमिनीत, बांधावर, दगडांच्या सांदीत कुणी न विचारता वाढतं, म्हणून लोक म्हणतात की या झाडाला काही लागत नाही. खरं आहे, झाडाला नाही लागत. फळाला लागतं. आणि फळाला जे लागतं ते पोत्यातून किंवा बाटलीतून येत नाही. तुम्ही सांगताय त्या लक्षणांवरून तुमच्या झाडांवर परागीभवनच नीट होत नाहीये.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. उद्या सकाळी सहा-साडेसहाला झाडाखाली उभे राहा. भिंग असलं तर उत्तम. सीताफळाचं फूल उलटं लटकतं, साधारण इंचभर लांब, तीन जाड मांसल पाकळ्यांचं, बाहेरून हिरवट आणि आत बुडाशी जांभळट डाग असलेलं. टोकाशी पाकळ्या जेमतेम फाकलेल्या असतील असं एक फूल धरा आणि पाकळ्या बोटांनी हलकेच उघडा. मध्ये छोटासा उंचवटा दिसेल, इवल्याशा तुतीसारखा. ते स्त्रीकेसर. बारीक बघितलंत तर त्यांच्यावर ओलसर चकाकी दिसेल. त्या उंचवट्याच्या बुडाभोवती पांढरट दाणे दाटीवाटीने चिकटून बसलेले असतील, ते पुंकेसर. त्यांना बोट लावा, काहीही सुटणार नाही.

आता शेजारचं पूर्ण उमललेलं फूल घ्या, तिन्ही पाकळ्या ताणून फाकलेलं. बोटाने टिचकी मारलीत तर पुंकेसर भुरभुर तळहातावर पडतील आणि त्यांच्यासोबत फिकट पिवळी भुकटी. हे पराग. पण याच फुलाच्या मधला उंचवटा पाहा. चकाकी गेलेली, कडा तपकिरी, वाळत आलेला.

सगळी गोम इथेच आहे. नर आणि मादी एकाच फुलात, एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटरवर, पण वेळा जुळत नाहीत. मादी आधी तयार होते, तेव्हा नर बंद. नर सुटतो तेव्हा मादीची वेळ टळलेली. एकाच खोलीत राहणाऱ्या दोन पाळ्यांच्या कामगारांसारखं, एक आत येतो तोवर दुसरा निघून गेलेला. झाड स्वतःच्याच परागावर फळू शकतं, दुसरं झाड जवळ असण्याची सक्ती नाही. फक्त एका फुलाचा पराग दुसऱ्या, जरा मागे असलेल्या फुलापर्यंत कुणीतरी न्यायला हवा.

ते काम निसर्गात मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी भुंगे करतात. पिकून आंबलेल्या फळांवर बसणारी ही जात. फुलाला येणारा फळासारखा वास त्यांना ओढून आणतो, ते अर्धवट फाकलेल्या पाकळ्यांतून आत शिरतात, आत दडतात, आणि अंगाला लागलेला पराग पुढच्या फुलात नेतात. मधमाशीचा इथे फारसा उपयोग नाही, तिला या फुलात रस नसतो. त्यामुळे बागेत मधपेट्या ठेवण्याचा सल्ला इतर फळांना कितीही बरोबर असला तरी सीताफळाला लागू होत नाही. उलट घराभोवतीची जागा तुम्ही चकाचक झाडून घेत असाल, पडलेला पालापाचोळा आणि कुजकी फळं रोज उचलत असाल, तर त्या भुंग्यांना राहायला जागाच उरत नाही. फुलांच्या हंगामात झाडाखालचा पाचोळा तसाच राहू द्या. आणि फुलं असताना कीटकनाशक मारू नका. मी स्वतः हे केलेलं आहे. एका वर्षी पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी, रस शोषणारी कीड, दिसला म्हणून भर फुलोऱ्यात जहाल औषध मारलं. ढेकूण गेला, सोबत भुंगेही गेले, आणि त्या वर्षी सबंध बागेत मोजून फळं लागली. ढेकूण मात्र महिन्याभरात परत आला.

दुसरी गोष्ट हवेची. कोरड्या, तापलेल्या हवेत स्त्रीकेसराचा तो ओलावा पाहता पाहता उडतो आणि पराग आला तरी चिकटत नाही, रुजत नाही. म्हणून उन्हाच्या तडाख्यात आलेली पहिली फुलं बहुतेक गळतातच. त्यांचं दुःख करू नका, टॉनिक तर अजिबात मारू नका. हवेत दमटपणा आला की स्त्रीकेसर जास्त वेळ ओले राहतात, दोन्ही अवस्था थोड्या एकमेकींवर येतात आणि तेच झाड आपोआप फळं धरू लागतं. तुमच्याकडे फुलोऱ्यात हवा कोरडी असेल तर झाडाखाली जाड आच्छादन घालून ते पहाटे भिजवा. फुलांवर फवारा मारू नका, जमीन ओली करा. पाच झाडांच्या दाट सावलीत एवढ्यानेही फरक पडतो.

आणि खात्रीचा उपाय हवा असेल तर हाताने परागीभवन करा. पाच झाडांना हे सहज जमण्यासारखं आहे, रोज सकाळची पंधरा-वीस मिनिटं.

इथे एक इशारा. याचे इंग्रजी व्हिडिओ खूप आहेत आणि त्यातले पुष्कळसे सीताफळाचे नसतातच. 'कस्टर्ड अ‍ॅपल' हे नाव कुणी रामफळाला वापरतं, ऑस्ट्रेलियात ते अटेमोयाला वापरतात, म्हणजे सीताफळ आणि त्याचं परदेशी भावंड चेरिमोया यांच्या संकराला. आपलं सीताफळ म्हणजे 'शुगर अ‍ॅपल', शास्त्रीय नाव अनोना स्क्वामोसा. चेरिमोया आणि अटेमोयाची फुलं दुपारनंतर पराग सोडतात, म्हणून त्या व्हिडिओंत दुपारी पराग गोळा करायला सांगतात. सीताफळाचा पराग पहाटे सुटतो. दुपारी ब्रश घेऊन झाडावर चढलात तर हाती फक्त वाळलेले पुंकेसर लागतील आणि तुम्ही म्हणाल, ही सगळी थापेबाजी आहे.

माझी पद्धत सांगतो. आदल्या संध्याकाळी, पाकळ्या बऱ्यापैकी फाकलेली, दुसऱ्या दिवशी पूर्ण उमलणार अशी दहा-बारा फुलं तोडायची आणि कागदी खोक्यात सैल पसरून घरात ठेवायची. प्लास्टिकच्या डबीत कोंडू नका, घाम येऊन पराग चिकट होतो. पहाटेपर्यंत त्यातल्या बहुतेकांनी पुंकेसर सोडलेले असतात. ते गडद रंगाच्या छोट्या वाटीत झटकायचे. गडद वाटी अशासाठी, की तळाशी पिवळी भुकटी दिसली तरच कामाला लागायचं. संध्याकाळी विसरलात तर पहाटे झाडावरचीच पूर्ण उमललेली फुलं वाटीत झटका, तेही चालतं.

मग चित्रकलेचा बारीक, मऊ ब्रश घ्या. टोकाशी जेमतेम फाकलेली फुलं शोधा. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी फूल खालून आधार देऊन धरा, एक पाकळी जराशी बाजूला सारा. ती मोडली तरी बिघडत नाही, देठाला हिसका मात्र बसू देऊ नका. पराग लागलेला ब्रश आत घालून त्या उंचवट्यावर गोल फिरवा, टोकापासून बुडापर्यंत आणि चहूबाजूंनी. नुसतं टोकाला टेकवून काढून घेतलंत तर अर्धंच काम होतं. ते का, हे पुढे सांगतो. एका फुलाच्या परागावर तीन-चार फुलं सहज होतात. ऊन चढायच्या आत, नऊच्या सुमाराला, काम थांबवायचं. तो पराग उद्यासाठी जपून ठेवू नका, काही तासांतच त्याचा जोर जातो.

कुठली फुलं निवडायची याला महत्त्व आहे. खोडाजवळची, बोटाएवढ्या जाड फांदीवरची, पानांच्या सावलीतली फुलं घ्या. शेंड्याच्या काडीवर फळ धरलं तर ते पोसत नाही, आणि पोसलं तर काडी लोंबून फळ उन्हात भाजतं. हात लावलेल्या फुलाच्या देठाशी रंगीत दोरा सैल बांधा. तीन-चार दिवसांत पाकळ्या गळतील. मागे हिरवं टणक बटण राहिलं तर जमलं. देठच पिवळा होऊन सगळं खाली आलं तर नाही जमलं. पहिल्या दिवशी बहुतेकांची निम्मी गळतात. दुसऱ्या आठवड्यात हात बसतो.

आता वेडीवाकडी फळं. सीताफळ हे एक फळ दिसतं, पण ती अनेक छोट्या फळांची मोळी आहे. तो तुतीसारखा उंचवटा आठवतोय? त्यातला एकेक स्त्रीकेसर म्हणजे पुढे फळावर होणारा एकेक फुगीर डोळा, आत एक गर आणि बहुधा एक बी. ज्या स्त्रीकेसरावर पराग पडला तो फुगतो, ज्यावर नाही पडला तो तिथेच बसतो. फुलाच्या एकाच बाजूला पराग लागला तर फळ त्याच बाजूने वाढतं आणि दुसऱ्या बाजूला चेपल्यासारखं होतं. पुढच्या वेळी वाकडं फळ कापाल तेव्हा चेपलेल्या बाजूच्या बिया मोजा. तिथे जवळजवळ नसतीलच. लोक या फळांना बोरॉनची कमतरता म्हणून औषध देतात. काही जमिनींत ती असेलही, पण फूलगळ आणि वाकडी फळं एकाच झाडावर दिसली की मी आधी परागाकडे बोट दाखवतो. ब्रश चहूबाजूंनी फिरवायचा तो याचसाठी.

काळ्या फळांचं निदान फळ हातात घेतल्याशिवाय होत नाही, पण तुम्हीही करू शकाल. एक काळं फळ तोडून चाकूने उभं चिरा. आत सगळं कोरडं, दगडासारखं कठीण, कुठे सडका वास नाही, तर ते दगडी फळ. हा रोग नव्हे. झाडाने ते फळ पोसायचं सोडून दिलं, एवढंच. उशिरा धरलेलं, मोठ्या फळांच्या स्पर्धेत मागे पडलेलं, किंवा ऐन वाढीत पाण्याचा खंड पडला, की झाड असं करतं. देठाकडून किंवा एखाद्या डागापासून मऊ काळपट कुज आत गेली असेल तर ती बुरशी, आणि ती दमट हवेत पसरते. आणि सालीवर छिद्र, छिद्रापाशी भुशासारखी विष्ठा दिसली तर आत फळ पोखरणारी अळी आहे. तिन्ही बाबतींत काळी फळं झाडावर ठेवू नका. दगडी फळ स्वतः निरुपद्रवी असलं तरी पुढच्या हंगामापर्यंत बुरशीला आणि पिठ्या ढेकणाला ते आयतं घर मिळतं. फांदी हलवून पडत नाहीत, कात्रीने काढा, आणि खड्ड्यात पुरा. बुरशी असेल तर वाळक्या काड्याही कापा आणि पाऊस सुरू होण्याआधी ताम्रयुक्त बुरशीनाशकाची एक फवारणी करा. ही वेळ फुलोऱ्याबाहेरची असावी.

छाटणीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पाच वर्षांत कात्री लागली नसणार असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. सीताफळाची एक मजेदार खोड आहे. कुठल्याही झाडाचं पान बघा, देठ आणि फांदी यांच्या बेचक्यात डोळा दिसतो, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा. सीताफळात तो दिसत नाही. पानाचं देठ हलकेच मोडून काढा. देठाचं बूड आतून पोकळ असतं, टोपीसारखं, आणि त्या टोपीखाली लव असलेला बारीक डोळा लपलेला असतो. पान जागेवर आहे तोवर डोळा सहसा फुटत नाही. पान गेलं की फुटतो. आणि सीताफळाची बरीचशी फुलं येतात ती याच नव्या फुटीवर, पानाच्या समोरच्या बाजूला. म्हणजे जुनी पानं गळल्याशिवाय नवी फूट नाही, आणि नवी फूट नाही तर फुलं विरळ.

यावरून छाटणीचा सगळा हिशोब लागतो. फळं संपली की पाणी तोडायचं. झाड हळूहळू पानं पिवळी करून टाकतं. याला ताण देणं म्हणतात. हलक्या जमिनीत दीड-दोन महिने पुरतात, भारी जमिनीत जास्त लागतात. पानं बहुतेक गळल्यावर आणि फूट यायच्या आत छाटणी करायची. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, जमिनीकडे लोंबणाऱ्या फांद्या काढा, आतून उजेड आणि वारा खेळेल इतकं मोकळं करा. गेल्या वर्षीच्या जोमदार काड्या टोकाकडून तिसरा हिस्सा मागे घ्या. तरीही शेंड्याला चिकटून राहिलेली जुनी पानं असतील तर ती हाताने ओरबाडू नका. देठासोबत तो लपलेला डोळाही निघून येतो. पान वरून खाली नको, बाजूला ढकलून मोडा, किंवा सरळ कात्रीने पातं कापा. उरलेलं देठ काही दिवसांत आपोआप गळतं.

पाच वर्षं न छाटलेलं झाड एका दमात छाटू नका. यंदा एक तृतीयांश, पुढच्या वर्षी आणखी. एकदम टक्कल केलंत तर झाड रागाने उंच उंच सोटे फेकतं आणि फळाचं एक वर्ष जातं. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. उंची हाताला पोचेल एवढीच, सात-आठ फूट ठेवा. पराग लावायला शिडी लागली की ते काम दुसऱ्या दिवशी होत नाही.

छाटणीनंतर आळं करून पाणी सुरू करायचं. फूट येते, महिना-दीड महिन्यात कळ्या दिसतात, आणि फूल ते फळ तयार व्हायला चार महिन्यांच्या आसपास लागतात. हा हिशोब उलटा मांडून छाटणीची तारीख ठरवा, म्हणजे फुलं दमट हवेत येतील.

पाण्याचं एकच सांगतो. फळ वाढत असताना पाणी थोडं पण नेमाने द्या. दहा दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर दिलंत, किंवा कोरड्यानंतर जोराचा पाऊस आला, तर फळं तडकतात. वाफसा राहील, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही, इतपतच ओल हवी. मुळं उथळ असतात आणि साचलेलं पाणी या झाडाला मारतं. मी सुरुवातीला काळ्या जमिनीत, जरा खोलगट जागी वीस कलमं लावली होती. एका पावसाळ्यात आठ दिवस पाणी उभं राहिलं. झाडं लगेच मेली नाहीत, म्हणून मी निश्चिंत होतो. दोन महिन्यांनी एकेक करून पानं मलूल झाली, खोडाच्या बुडाशी साल चाकूने खरवडली तर आत तपकिरी. वीसातली सहा राहिली, तीही चढाच्या बाजूची. त्यानंतर भारी जमिनीत मी फूट-दीड फूट उंच वरंब्यावरच लावतो.

खताचं आता. पाच वर्षांपुढच्या झाडाला वर्षाला साधारण २५० ग्रॅम नत्र, १२५ ग्रॅम स्फुरद आणि १२५ ग्रॅम पालाश, सोबत दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, एवढं पुष्कळ झालं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं तरी अर्धा किलोच्या थोडं वर, तेही दोन हप्त्यांत, पहिला छाटणीनंतर आणि दुसरा फळं सुपारीएवढी झाल्यावर. तुम्ही शेणखतावर डीएपी, त्यावर टॉनिक दिलं आहे. त्यामुळे पानं एवढी हिरवीगार दिसताहेत आणि फळाकडे झाडाचं लक्ष नाही, हेही असू शकतं. या वर्षी फक्त शेणखत द्या आणि गंमत बघा.

पिठ्या ढेकूण तुमच्या प्रश्नात नाही, पण फळं वाढली की येणारच. फळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत कापसासारखे पांढरे पुंजके, फळावर चिकट गोड पाझर, त्यावर काळी बुरशी. या किडीकडे बघण्याआधी मुंग्यांकडे बघा. पाझर खाण्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि त्यांना झाडभर फिरवतात. खोडाला जमिनीपासून दीड-दोन फुटांवर रुंद चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नका, साल भाजते. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या आणि शेजारच्या भिंतीला लागणारी काडी कापा, नाहीतर पट्टीला वळसा घालून मुंग्या तिथून चढतात. सुरुवातीचे पुंजके साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवलेल्या ब्रशने पुसून काढा.

क्रिप्टोलिमस नावाचा एक छोटा भुंगेरा असतो, डोकं नारिंगी-तपकिरी, पाठ काळी. तो आणि त्याची अळी दोघंही पिठ्या ढेकणावरच जगतात. पण घोळ असा, की त्याची अळी पांढऱ्या मेणचट दोऱ्यांनी मढलेली असते आणि पहिल्या नजरेत मोठा पिठ्या ढेकूणच वाटते. मीही सुरुवातीला शेकडो चिरडल्या असतील. ओळखायची खूण अशी: पुंजक्यात बसलेला ढेकूण जेमतेम हलतो, ही अळी मात्र बऱ्यापैकी चालते आणि आकाराने मोठी असते. ती दिसली की ब्रश खाली ठेवा.

काढणी कधी करायची हे रंगावर नाही, डोळ्यांवर ठरतं. कच्च्या फळाचे डोळे एकमेकांना घट्ट भिडलेले असतात. फळ तयार झालं की डोळे फुगून गुळगुळीत होतात आणि त्यांच्यामधल्या खाचा रुंद होऊन फिकट पिवळसर, दुधाळ दिसू लागतात. डोळे उघडले म्हणतात ते हेच. अशी फळं छोटा देठ ठेवून कात्रीने काढा. घरात ठेवल्यावर दोन ते पाच दिवसांत पिकतात. डोळे न उघडता तोडलेलं फळ पिकत नाही, ते आकसून काळं आणि कठीण होतं. आणि झाडावरच पिकू दिलंत तर पाखरं आणि खारी तुमच्याआधी पोचतात. सगळी फळं एकदम तयार होत नाहीत, दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारावी लागते. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. १३-१४ अंशांखाली साल काळी पडते आणि नंतर बाहेर काढूनही ते धड पिकत नाही.

बियांबद्दल एवढं लक्षात ठेवा, की अख्खी बी गिळली गेली तर ती तशीच बाहेर पडते, पण बिया वाटून केलेली पूड किंवा अर्क विषारी असतो. उवांसाठी डोक्याला लावताना किंवा फवारणीसाठी घरी वाटताना ती डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे हा उद्योग करू नये.

राहिला कलमांचा प्रश्न. बियांच्या झाडाचं फळ आईच्या बऱ्यापैकी जवळ येतं, फार बिघडत नाही. तुमची फळं चवीला बरी असतील तर परागाचं एक वर्ष करून बघा, मग ठरवा. मोठी फळं, जास्त गर हवा असेल तर बाळानगर किंवा एनएमके गोल्डन या जातींची कलमं. अर्का सहान हा अटेमोया आणि सीताफळ यांचा संकर आहे. बिया कमी आणि फळ तोडल्यावर टिकतं छान, पण त्याला हाताने पराग लावावाच लागेल असं धरून चाला. खरेदी करताना कलमाचा जोड डोळ्यांनी बघा. मला एकदा पन्नास कलमं म्हणून पन्नास रोपं विकली गेली होती, प्रत्येकाला कापडी पट्टी गुंडाळलेली. पट्टी सोडली तर आत खोड सरळ, जोडच नाही.

पण त्यासाठी पाच वर्षांची मुळं उपटायची गरज नाही. यंदाच्या छाटणीत एका झाडाच्या दोन फांद्या खोडापासून हातभर ठेवून कापा, बाकीच्या तशाच राहू द्या. कापलेल्या फांद्यांवर येणाऱ्या जोमदार फुटींतल्या दोन-दोन ठेवा, त्या पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या की त्यांवर पाचर कलम करा, म्हणजे फुटीला चीर देऊन तिच्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवा. डोळेकाडी, म्हणजे हव्या त्या जातीच्या झाडावरून कलमासाठी घ्यायची काडी, निवडताना तोडण्याच्या आठवडाभर आधी तिच्या पानांची पाती कापून ठेवा. म्हणजे देठं आपोआप गळतात आणि ते लपलेले डोळे उघडे पडून फुगतात. अशी काडी लवकर जुळते. कलमाला प्लास्टिकची लांबट पिशवी टोपीसारखी घाला आणि तीन आठवडे तिला हात लावू नका. खालून येणारे मूळ झाडाचे फुटवे मात्र दर आठवड्याला खुडत राहा, नाहीतर ते कलमाला मागे टाकतात. दोन फांद्या जमल्या की पुढच्या वर्षी उरलेल्या घ्या.